ब्लाँडीचं काय झालं? सहा जणांचा बँड, एकच चेहरा आणि पैशाच्या वेगवेगळ्या वाटा

'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणं तुम्ही कुठेतरी नक्की ऐकलेलं असणार, नाव आठवत नसलं तरी ती टिकटिक करणारी सुरुवात वाजली की मान आपोआप हलायला लागते. कोणाचं गाणं असं विचारलं की लोक म्हणतात, "ब्लाँडीचं, ती सोनेरी केसांची गायिका नाही का." मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. तर त्या गायिकेचं नाव डेबी हॅरी, आणि ब्लाँडी हे सहा जणांच्या बँडचं नाव. हा गैरसमज त्या काळात इतका पसरला होता की 'ब्लाँडी हा ग्रुप आहे' अशी जाहिरात करायची वेळ आली, तसे बिल्लेसुद्धा निघाले. गाणी हिट होतायत आणि तरी लोकांना सांगत फिरावं लागतंय की अहो आम्ही बँड आहोत.

एप्रिल १९७९ ते मार्च १९८१ या दोन वर्षांत अमेरिकेत या बँडची चार गाणी एक नंबरला गेली. आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये बँड संपला. म्हणजे शेवटच्या नंबर वननंतर दोन वर्षंही झाली नव्हती. का संपला विचारलं तर नेहमीची उत्तरं तयार असतात, भांडणं झाली, ड्रग्ज होते, एक जण आजारी पडला. सगळं खरं आहे. पण भांडणं काय सगळ्याच बँडमध्ये होतात, त्यामुळे बँड कधी मोडला ते कळतं, इतक्या पटकन का मोडला ते कळत नाही. त्यासाठी बँड कागदावर कसा असतो ते बघावं लागतं, कोणाच्या नावावर काय आहे, पैसा कुठून येतो आणि वाटेत कोणाकोणाच्या हातातून जातो. ऐकायला रुक्ष वाटेल, पण हे एकदा डोक्यात बसलं की ब्लाँडीच काय, कुठलाही बँड फुटला तरी नेमकं कुठे फाटलं ते दिसायला लागतं. म्हणून मी इथे दोन्ही एकत्र सांगणारे, त्यांची गोष्ट आणि त्या गोष्टीखालचा हिशोब.

सुरुवात न्यूयॉर्कमधली, १९७४ सालची. डेबी हॅरी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, म्हणजे पॉपच्या जगात जवळपास उशीरच झालेला. तोवर तिने वेट्रेसचं काम केलं होतं, बीबीसीच्या न्यूयॉर्क ऑफिसमध्ये सेक्रेटरी होती, प्लेबॉय क्लबमध्ये काम केलं, १९६८ मध्ये एका फोक रॉक बँडच्या अल्बममध्ये मागे उभं राहून गायली आणि तो अल्बम कोणाच्या लक्षातही राहिला नाही. मग स्टिलेटोज नावाच्या ग्रुपमध्ये असताना तिथे ख्रिस स्टाइन गिटार वाजवायला आला, ब्रुकलिनचा मुलगा, तिच्यापेक्षा साडेचार वर्षांनी लहान. दोघांचं जुळलं, दोघांनी मिळून नवीन बँड काढला. नाव ब्लाँडी का, तर रस्त्याने जाताना ट्रकवाले हॅरीला "ए ब्लाँडी" अशी हाक मारायचे म्हणून. छेड काढणारा शब्द तिने उचलला आणि स्वतःच्या बँडला लावला, मला हे फार आवडतं. पण लक्षात ठेवा, इथेच एक गाठ पडली. बँड सगळ्यांचा आणि नाव मात्र एकीच्या केसांवरून.

त्यांचा अड्डा म्हणजे बाउरी या रस्त्यावरचा सीबीजीबी क्लब. तो भाग तेव्हा अगदी पडका होता, न्यूयॉर्क शहरच दिवाळखोरीच्या काठावर होतं, भाडी कमी होती, म्हणून कलाकार मंडळी तिथे राहू शकायची. रमोन्स, टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स, पॅटी स्मिथ सगळे त्याच छोट्याशा स्टेजवर वाजवायचे. ब्लाँडी त्या गटात फार वरच्या नंबरवर नव्हता, बरेच जण त्यांना हलकंच घ्यायचे. १९७५ मध्ये त्यांचा बेसवाला फ्रेड स्मिथ त्यांना सोडून त्याच टेलिव्हिजन नावाच्या बँडमध्ये गेला, कारण तिकडे भविष्य जास्त दिसत होतं. पण त्याच वर्षी क्लेम बर्क नावाचा ड्रमर आला आणि तो टिकला. मग गॅरी व्हॅलेंटाइन बेसवर, जिमी डेस्ट्री कीबोर्डवर, आणि मंडळी बसली कामाला.

हॅरीचं ते प्रसिद्ध रूप कसं तयार झालं बघा. केस ती घरीच ब्लीच करायची, आणि मागच्या बाजूला स्वतःचा हात नीट पोचत नाही, दिसतही नाही, म्हणून मागचे केस काळपट राहायचे. पुढे लोकांना तीच स्टाइल वाटली. झेब्रासारख्या पट्ट्यांचा तिचा एक ड्रेस फोटोंमधून खूप गाजला, तो कचऱ्यात सापडलेल्या उशीच्या अभ्र्यापासून बनवलेला होता, बनवला डिझायनर स्टीफन स्प्राउसने. फोटो काढायचा स्वतः ख्रिस स्टाइन, कारण तो आर्ट स्कूलमध्ये शिकलेला, कॅमेरा त्याच्या हातात कायम असायचा. म्हणजे हे रूप कुठल्या कंपनीने वरून चिकटवलेलं नव्हतं, दोघांनी घरी बसून, पैसे नसताना, विचार करून बनवलेलं होतं. ब्लाँडी हे मी रंगवलेलं एक पात्र आहे असं हॅरी नेहमी सांगत आली आहे, जुन्या सिनेमातल्या सोनेरी केसांच्या नट्यांवरून घेतलेलं, पण थोडं वाकडं करून, पंकच्या, म्हणजे तेव्हाच्या त्या रांगड्या, बंडखोर रॉकच्या नजरेने.

आणि मग हे रूप कंपनीच्या हातात गेलं. पहिला अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये प्रायव्हेट स्टॉक नावाच्या छोट्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, आला. त्याआधी एका फोटोशूटमध्ये हॅरीचा एकटीचा पारदर्शक ब्लाउजमधला फोटो काढला गेला, तिला सांगितलं की आम्ही वरचा चेहऱ्याचा भागच वापरणार. प्रत्यक्षात पोस्टरवर अख्खा फोटो छापला, आणि बँडमधलं बाकी कोणी त्यात नाही. पुढच्या वर्षी क्रिसॅलिस या मोठ्या लेबलकडे गेल्यावर तिथेही एका गाण्याच्या जाहिरातीत तिचा फोटो आणि त्याखाली अशी ओळ, जिचा अर्थ साधारण 'हिच्या चिंध्या करायला तुम्हाला आवडणार नाही का' असा होतो. तिला भयंकर राग आला होता, आणि का येऊ नये. मला इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. या बँडच्या पडझडीबद्दल बोलताना लोक सहज म्हणून जातात की गायिका मोठी झाली आणि बाकीचे मागे पडले, जणू तिने ते केलं. तिला मोठं करायचं कोणी ठरवलं ते त्या पोस्टरवर दिसतंय. सहा जणांची ओळख करून देण्यापेक्षा एक सुंदर चेहरा विकणं सोपं असतं, खर्च कमी, फळ लवकर. कंपनीने सोपं ते केलं, त्याची किंमत मात्र सहाही जणांनी मोजली.

यशही आलं ते जरा अपघातानेच. ऑस्ट्रेलियात काउंटडाउन नावाचा टीव्ही शो होता, तिथे १९७७ मध्ये चुकून भलतंच गाणं लागलं, लावायचं होतं 'एक्स ऑफेंडर' आणि लागलं 'इन द फ्लेश'. ते तिथे दोन नंबरपर्यंत गेलं. मग १९७८ च्या सुरुवातीला 'डेनिस' ब्रिटनमध्ये दोन नंबरला. घरी अमेरिकेत मात्र अजून शांतता. एव्हाना गॅरी व्हॅलेंटाइन बाहेर पडला होता, फ्रँक इन्फँटे आणि नंतर इंग्लंडचा नायजेल हॅरिसन आत आले, आणि ज्यांना आपण फोटोत बघतो ते सहा जण जमले.

आता 'पॅरलल लाइन्स' हा अल्बम. १९७८ चा उन्हाळा, न्यूयॉर्कचा रेकॉर्ड प्लांट स्टुडिओ, आणि प्रोड्युसर, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंग करून घेणारा, म्हणून माइक चॅपमन, ज्याने आधी स्वीट आणि सुझी क्वाट्रोसारख्यांना हिट गाणी दिलेली. हा माणूस शिस्तीचा. बँड सीबीजीबीमधून आलेला, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतंय अशा सवयीचा, आणि चॅपमन एकेक जागा परत परत वाजवून घेणारा. 'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणं त्यांच्याकडे १९७४-७५ पासून पडून होतं, आधीचं नाव वेगळं, आपापसात ते त्याला डिस्को साँग म्हणायचे. चॅपमनने ते उकरून काढलं. रोलँड कंपनीचं सीआर-७८ नावाचं एक ड्रम मशीन होतं, त्याचा ठेका आधी टेपवर घेतला, आणि त्या मशीनशी तंतोतंत जुळेल असा बेस ड्रम क्लेम बर्ककडून वेगळा वाजवून घेतला. म्हणजे नुसता पायाने वाजवायचा तो एक ड्रम, हात बाजूला, बाकीचं नंतर. आज कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं की ठोके जागेवर येतात, तेव्हा माणसाला मशीन होऊन वाजवावं लागायचं. बर्कसारख्या हातपाय झाडून वाजवणाऱ्या ड्रमरला ते किती जड गेलं असेल. पण ते गाणं हेडफोन लावून ऐका, खालचा तो ठेका इतका गुळगुळीत आहे की त्यामागचे कष्ट कुठेच ऐकू येत नाहीत.

लेबलने सहा महिने दिले होते, अल्बम सहा आठवड्यांत झाला. 'हार्ट ऑफ ग्लास' १९७९ मध्ये ब्रिटनमध्येही एक नंबर, अमेरिकेतही. पंकवाले जुने दोस्त चिडले की हे डिस्कोला विकले गेले. कव्हर तुम्ही पाहिलंच असेल, काळ्यापांढऱ्या पट्ट्या, पाच जण काळ्या सुटात दात दाखवून हसतायत आणि मध्ये पांढऱ्या ड्रेसमध्ये हॅरी, कंबरेवर हात, अजिबात हसत नाहीये. ते कव्हर मॅनेजर पीटर लीड्सच्या डोक्यातून आलेलं, बँडला ते बिलकुल पटलं नव्हतं. त्यानंतर लवकरच लीड्सशी त्यांचं फाटलं. पॉपमधल्या सर्वात ओळखीच्या कव्हरपैकी ते एक आहे, आणि कव्हरवर जे लोक आहेत त्यांनाच ते नको होतं.

इथे थोडं थांबून पैशाचं बघू, कारण इथून पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एका गाण्यात खरं तर दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे ते गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या गाण्याचं रेकॉर्डिंग, स्टुडिओत तयार झालेली ती विशिष्ट टेप. रेकॉर्डिंग सहसा लेबलच्या मालकीचं असतं आणि बँडला विक्रीतला काही टक्के हिस्सा मिळतो. गाण्याचे हक्क मात्र ज्याने लिहिलं त्याच्या नावावर, त्याला म्हणतात पब्लिशिंग. या दोन्हींचे पैसे दोन वेगळ्या नळांतून येतात, आणि त्या नळांचा जोर सारखा नसतो.

आधी रेकॉर्डिंगचा नळ. समजा (आकडे माझे आहेत, नुसतं समजायला) रेकॉर्ड विकून १०० डॉलर आले आणि करारात कलाकाराचा वाटा १२ टक्के आहे. त्या १२ मधले ३ प्रोड्युसरला गेले, उरले ९. पण हे ९ लगेच हातात येत नाहीत, कारण करार करताना लेबलने बँडला अ‍ॅडव्हान्स दिलेला असतो, स्टुडिओचं भाडं भरलेलं असतं, टूरला हातभार लावलेला असतो, आणि ते सगळं बँडच्या वाट्यातून आधी वळतं करून घेतलं जातं. म्हणजे रेकॉर्ड धडाधड विकली जातेय, टीव्हीवर तुम्ही दिसताय, आणि लेबलच्या वहीत तुमच्या नावावर अजून देणंच आहे, असं वर्षानुवर्षं चालू शकतं. समजा ते फिटलं. मग ९ मधले २० टक्के मॅनेजरचे, उरले सात डॉलर वीस सेंट. भागिले सहा. प्रत्येकाच्या ताटात एक डॉलर वीस सेंट पडले, आणि त्यावर टॅक्स अजून भरायचाय.

आता दुसरा नळ. गाणं ज्याने लिहिलं त्याला प्रत्येक विकल्या गेलेल्या रेकॉर्डमागे वेगळे पैसे मिळतात, आणि ते साधारणपणे स्टुडिओच्या उधारीत अडकत नाहीत. शिवाय अमेरिकेत एक जुना नियम आहे जो आजही तसाच आहे, साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, पण ज्यांनी ते गायलं, वाजवलं त्यांना काहीच मिळत नाही. काहीच नाही. आणि एक नंबरचं गाणं रेडिओवर किती वेळा वाजत असेल याचा विचार करा.

हे डोक्यात ठेवून ब्लाँडीची ती चार अमेरिकन नंबर वन गाणी बघा. 'हार्ट ऑफ ग्लास', लिहिणारे हॅरी आणि स्टाइन. 'कॉल मी', हॅरी आणि जॉर्जिओ मोरोडर. 'द टाइड इज हाय', हे जमैकाच्या जॉन होल्टचं जुनं गाणं, त्याच्या पॅरागॉन्स या ग्रुपचं. 'रॅप्चर', परत हॅरी आणि स्टाइन. चार गाण्यांत बर्क, डेस्ट्री, हॅरिसन, इन्फँटे यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. असं नाही की ते लिहीत नव्हते, 'वन वे ऑर अनदर' मध्ये हॅरिसनचं नाव आहे, 'अटॉमिक' मध्ये डेस्ट्रीचं. पण सर्वात मोठे पैसे आणणाऱ्या चार गाण्यांत नाही. बर्कने पायाने तो ठेका किती का जीव ओतून वाजवला असेना, ठेक्याला रूढ अर्थाने गाणं लिहिणं म्हणत नाहीत. शब्द आणि चाल, एवढंच धरतात.

हॅरी आणि स्टाइनने कोणाचं काही लुबाडलं नव्हतं, गाणी त्यांनी लिहिली, हक्क त्यांचा. पण एकाच व्हॅनमधून फिरणाऱ्या, एकाच स्टेजवर घाम गाळणाऱ्या सहा जणांपैकी दोघांचा, ते पण जोडपं असलेल्या दोघांचा, आर्थिक प्रवास बाकी चौघांपेक्षा वेगळ्या रस्त्याने चाललाय हे जेव्हा उघड व्हायला लागतं तेव्हा रिहर्सलमधलं साधं बोलणंही बदलतं. कुठलं गाणं अल्बममध्ये घ्यायचं, सिंगल म्हणून सुटं गाणं कुठलं काढायचं, हा चवीचा प्रश्न राहत नाही, घरभाड्याचा होतो. काही बँड यावर उपाय म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्या गाण्यांवर सगळ्यांची नावं घालतात. मला ते शहाणपणाचं वाटतं, पण विशीतल्या पोरांना क्लबमध्ये वाजवताना हे कुठून सुचणार.

१९८० ला 'कॉल मी' आलं, अमेरिकेत सहा आठवडे एक नंबर, बिलबोर्ड मासिकाच्या यादीत त्या अख्ख्या वर्षाचं पहिल्या नंबरचं गाणं. सिनेमासाठी केलेलं. मोरोडरने चाल आणि ट्रॅक दिला, हॅरीने शब्द लिहिले आणि गायलं. म्हणजे बँडचं सर्वात मोठं गाणं मुळात बँडच्या रिहर्सल रूममधून आलेलंच नव्हतं. मोरोडर पुढे त्यांच्याबरोबर अल्बम करणार होता, पण स्टुडिओत गिटारवाला आणि कीबोर्डवाला यांची भांडणं बघून त्याने मॅनेजरला फोन करून अंग काढून घेतलं, असं त्यानेच नंतर सांगितलंय.

त्याच वर्षीचा 'ऑटोअमेरिकन' हा अल्बम लॉस एंजेलिसला केला, ऑर्केस्ट्रा वगैरे घेऊन, बाहेरचे वादक बोलावून. त्यातून दोन नंबर वन निघाली. 'रॅप्चर' तर अमेरिकेत एक नंबरला गेलेलं पहिलं गाणं ज्यात रॅप आहे, आणि त्यात हॅरी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या त्या नव्या रॅप संगीतातल्या फॅब फाइव्ह फ्रेडी आणि ग्रँडमास्टर फ्लॅश यांची नावं घेते. व्हिडिओत डीजे म्हणून उभा आहे तो तरुण ज्याँ-मिशेल बास्किया, जो पुढे केवढा मोठा चित्रकार झाला. सहा वर्षांत पंक क्लबपासून डिस्को, रेगे, रॅप, एवढी भूक मी फार कमी बँडमध्ये पाहिलीये. पण बघा, यश वाढतंय आणि स्टुडिओतली बँडची स्वतःची जागा कमी होतेय, दोन्ही एकाच वेळी.

१९८१ मध्ये हॅरीचा सोलो अल्बम आला, डेस्ट्रीचाही आला. सोलो अल्बम म्हणजे बँड फुटलाच असं नसतं, पण लेबलच्या बाजूने विचार करा, सहा जणांना सांभाळायचं, की ज्या चेहऱ्याला जग ओळखतं तिला एकटीला. बँडच्या करारांत बऱ्याचदा एक कलम असतं, कोणी सोडून गेलं तर त्या कलाकाराचं पुढचं काम मागायचा हक्क लेबलकडे राहतो. म्हणजे बँड मोडला तर लेबलचं फार बिघडत नाही, चेहरा त्यांच्याकडेच राहतो. फ्रँक इन्फँटेने तर १९८२ मध्ये बँडवरच दावा ठोकला, मला रिहर्सलला आणि रेकॉर्डिंगला बोलवतच नाहीत म्हणून. ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, पण ज्या बँडमधल्या माणसाला आपण बँडमध्ये आहोत हे वकिलाकडून सिद्ध करावं लागतं त्या बँडमध्ये उरलेलं काय असतं.

मे १९८२ मध्ये 'द हंटर' हा अल्बम आला. अमेरिकेत ३३ नंबरवर थांबला. टूरची तिकिटं खपेनात, ऑगस्टमध्ये युरोपचे शो रद्द झाले. आणि त्या टूरवर ख्रिस स्टाइन डोळ्यांदेखत वाळत चालला होता, काय होतंय ते कोणालाच कळत नव्हतं.

त्याला झाला होता पेम्फिगस. दुर्मिळ आजार आहे. आपली रोगप्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचं, ती उलटी आपल्याच त्वचेवर धावून जाते. त्वचेच्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी धरून असतात त्यांनाच ती तोडायला लागते, पेशी सुटतात, जागोजागी फोड येतात, ते फुटून जखमा होतात. तोंडात आणि घशात झालं की घास गिळता येत नाही, म्हणून वजन उतरत जातं. स्टेरॉइड देऊन ती बिथरलेली प्रतिकारशक्ती दाबावी लागते आणि बरं व्हायला वर्षं लागतात. हॅरी त्याच्याजवळ बसून राहिली. जगातल्या सर्वात जास्त फोटो काढल्या गेलेल्या बायकांपैकी एक, वय सदतीस, आणि ती हॉस्पिटलमध्ये एका माणसाच्या उशाशी. हेरॉइनही होतं दोघांच्या आयुष्यात, ते तिने कधी लपवलं नाही, आत्मचरित्रात सरळ लिहिलंय.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. ज्या दोन वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त कमावलं, त्या दोन वर्षांचा टॅक्स त्यांच्या अकाउंटंटने भरलेलाच नव्हता, असं हॅरीने लिहिलंय. सरकारच्या टॅक्स खात्याने वसुली काढली. मॅनहॅटनमधलं घर गेलं. तिने सांगितलंय की स्टाइन आजारी असताना मेडिकल इन्शुरन्ससुद्धा गेला. लोकांना हे नेहमी कोड्यासारखं वाटतं की लाखोंनी रेकॉर्ड विकणारे कंगाल कसे होतात. तर असे होतात. पैसा येताना दिसतो तो एकत्र, मोठा, सगळ्यांच्या वाट्यासकट. कलाकाराला हातात आलेला सगळाच आपला वाटतो, हिशोब दुसऱ्या कोणाकडे, आणि त्या दुसऱ्याने काय केलं ते कळतं तेव्हा दोन वर्षं उलटून गेलेली असतात आणि कमाई थांबलेली असते. टॅक्स मात्र चालू वर्षाच्या खिशाकडे बघत नाही, त्या जुन्या मोठ्या वर्षाच्याच हिशोबाने मागतो.

नोव्हेंबर १९८२, बँड बंद. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या वेळेची. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं होतं. ब्लाँडीने १९७९ मध्येच 'ईट टू द बीट' अल्बमच्या प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ करून ठेवला होता, जेव्हा ते दाखवायला जागाच नव्हती. आता जागा झाली, अख्खं चॅनल झालं, १९८३ मध्ये मडोनाचा पहिला अल्बम आला, आणि हॅरीने ज्या पात्राला रस्ता करून दिला होता त्या रस्त्यावरून बाकी सगळे जोरात निघाले तेव्हा ती हॉस्पिटल आणि वकील यांच्यात फेऱ्या मारत होती.

हॅरी आणि स्टाइन जोडपं म्हणून १९८७ मध्ये वेगळे झाले, मैत्री तुटली नाही, पुढे त्याच्या मुलींची ती गॉडमदर झाली. १९९७ मध्ये बँड परत जमला, हॅरी, स्टाइन, बर्क, डेस्ट्री. फेब्रुवारी १९९९ मध्ये 'मारिया' ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, तिथल्या त्यांच्या पहिल्या नंबर वनला तेव्हा बरोब्बर वीस वर्षं झाली होती, आणि हॅरी त्रेपन्न वर्षांची. ते गाणं लिहिलं होतं डेस्ट्रीने, एकट्याने. हे वाचलं तेव्हा मला त्याच्यासाठी मनापासून बरं वाटलं.

इन्फँटे आणि हॅरिसन यांना मात्र परत बोलावलं नव्हतं. ते कोर्टात गेले, काही उपयोग झाला नाही. बँडचं नाव कोणाचं हा प्रश्न कायद्यात भागीदारीच्या दुकानाच्या पाटीसारखा असतो, सुरुवातीला कागद केला नसेल तर जो पाटी लावून दुकान चालवत राहिला त्याचं पारडं जड होतं. मार्च २००६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा सगळे, जुने-नवे, एका स्टेजवर आले. इन्फँटेने माइकवरच हॅरीला विचारलं की आज तरी आम्हाला वाजवू द्याल का. ती नाही म्हणाली, तिचा बँड तयार उभा होता. त्याचा व्हिडिओ बघताना मला दोघांसाठीही वाईट वाटतं, ज्याने त्या अल्बमवर वाजवलंय त्याच्यासाठी, आणि जिला तीस वर्षं सगळ्यांच्या वतीने पुढे उभं राहावं लागलं तिच्यासाठीही.

क्लेम बर्क शेवटपर्यंत बँडमध्ये राहिला, एप्रिल २०२५ मध्ये कॅन्सरने गेला. ब्रिटनमधल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी शोमध्ये त्याच्या हृदयाचे ठोके मोजले होते, मोठ्या खेळाडूंच्या बरोबरीचे निघाले. 'ड्रीमिंग' हे गाणं लावा, १९७९ चं, लिहिणारे हॅरी आणि स्टाइन. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बर्क थांबतच नाही, गाण्याच्या अंगावरून एकामागून एक रोल टाकत जातो. तो सांगायचा की तो टेक त्याने नुसता मोकळं व्हायला वाजवला होता, हा ठेवतील असं वाटलंच नव्हतं. ठेवला.